फ्रेमबाहेरचा टेकू

नूतन अलोणेला कुणी विचारलं, की बाई तुम्ही कसले फोटो काढता, तर ती म्हणते, "घरांचे." समोरच्याला वाटतं, बिल्डरकडे कामाला असेल. मग ती पुढचं सांगते, "जी घरं पडणार आहेत त्यांचे," आणि समोरचा माणूस विषय बदलतो. नूतनला त्याचं काही वाटत नाही. छत्तिशीची बाई, घरी एक शाळकरी लेकरू, अंगात चार खिशांचं जाकीट, पाठीवर कॅमेऱ्याची बॅग, आणि बोलणं असं, की एसटीचा कंडक्टरसुद्धा तिला "मागं सरका" म्हणण्याआधी दोनदा विचार करतो. स्वतःच्या कामाबद्दल तिला तिळभर शंका नव्हती.

शंका नसायला कारणही होतं. बाप रामाजी, त्याचा राजुऱ्यात फोटो स्टुडिओ. खाणीत कामाला लागणाऱ्या पोरांचे पासपोर्ट फोटो, आणि नव्या जोडप्यांचे, मागं काश्मीरचा पडदा लावून. रामाजी तसा मऊ माणूस, पण एका बाबतीत कडक होता. काढलेला फोटो फेकायचा नाही. डोळे मिटलेले असोत, मुंडकं अर्धं कापलेलं असो, निगेटिव्ह लिफाफ्यात घालायची, वर नंबर टाकायचा आणि ठेवून द्यायची. "माणूस दुसऱ्यांदा तसा बसत नाई," असं म्हणायचा. मोबाइल आले आणि स्टुडिओ बसला, पण ही सवय पोरीत उतरली. नूतनच्या हार्ड डिस्कमध्ये दहा वर्षांतली एकूण एक फ्रेम आहे, हललेलीसुद्धा.

आता घरांचं सांगतो. चंद्रपूर-गडचिरोलीत घरं किती झपाट्यानं बदलली ते तिथं राहणाऱ्याला विचारू नका, तो रोज पाहतो म्हणून त्याला दिसत नाही. नूतनला दिसलं बसच्या खिडकीतून. एका वर्षी मूलच्या रस्त्याला कवेलूची, म्हणजे कौलारू, घरं ओळीनं होती, पुढल्या वर्षी मधेच दोन स्लॅब उगवले, आणि आणखी चार वर्षांनी पाहावं तर स्लॅबच्या ओळीत दोन कवेलूची घरं अंग चोरून उभी. मातीच्या भिंती गेल्या, विटा आल्या. पुढची मोकळी सपरी, म्हणजे ओसरी, गेली, तिथं लोखंडी जाळी आली. भिंतीला जिथं गेरूचा पट्टा असायचा तिथं बाथरूमच्या टाइल्स लागल्या, त्याही रस्त्याकडच्या बाजूला. का नाही लावायच्या? एवढ्या हौसेनं घेतलेल्या टाइल्स काय फक्त आंघोळीच्या वेळी पाहायच्या? नूतन त्या टाइल्सना कधी हसली नाही. तिनं त्यांचेही फोटो काढले. दरवर्षी त्याच घरासमोर, त्याच जागी उभं राहून एक फोटो, असा तिचा नेम होता.

लोक सुट्टी मिळाली की विमानानं कुठं कुठं जातात. नूतन लाल डब्यानं सिरोंच्याला जाते. आलापल्लीच्या पुढं रस्ता असा, की पोटातलं वर आणि वरचं पोटात, पण ही बाई खिडकी सोडत नाही. सिरोंच्यात गोदावरीकाठच्या एका म्हातारीनं तिला अर्धा तास तेलुगूत सांगितलं, पुराचं पाणी कुठवर चढलं, जोतं किती हात उचललं, सून कशी भांडली. नूतनला तेलुगूचा एक शब्द येत नाही आणि तिला सगळं कळलं. शेवटी म्हातारीनं मासळी खाऊ घातली ती वेगळीच. चंद्रपूरचे लोक तिला म्हणत, "त्या खेड्यांत काय ठेवलं हाये पाहाले? ताडोब्याले जा, वाघ दिसते." त्यावर नूतन म्हणे, "वाघ मोजाले सरकारची माणसं हायेत. घरं कोन मोजते?"

आणि एक गोष्ट ती फार ठासून सांगायची. कॉलेजात बोलावलं तरी, पेपरवाला आला तरी. "मी फ्रेममधली काडीसुद्धा हलवत नाही. जसं आहे तसं." तिच्या पहिल्या मोठ्या प्रदर्शनाचं नावही तेच ठरलं होतं, 'जसं आहे तसं'. चंद्रपुरात हॉल मिळाला होता, मैत्रीण खुशबू सगळी धावपळ करत होती, आणि पोस्टरवर कुठला फोटो घ्यायचा याचा विचारसुद्धा करावा लागला नव्हता. मोहगोंदीचा घ्यायचा. दुसरा कुठला?

मोहगोंदी चामोर्शीच्या पलीकडं, जंगलाला पाठ लावून बसलेलं गाव. तिथं अन्नपूर्णा मडावी राहते, पन्नाशीची गोंड बाई, नवरा चैतू, दोघांची दोन एकर धानाची शेती आणि बाकी जंगल. तिचं घर म्हणजे काय सांगावं! मातीच्या भिंती, पण पांढऱ्या मातीनं अशा पोतलेल्या की बोट लावायला नको वाटावं. खाली गेरूचा रुंद पट्टा, त्यावर काळ्या मातीची बारीक किनार, दाराच्या दोन्ही बाजूंना हातानं काढलेले मोर. वर्षभरापूर्वी मार्च महिन्यात, सकाळचं ऊन भिंतीवर तिरपं पडलं असताना, नूतननं तो फोटो काढला. दारात अन्नपूर्णाबाई हिरवं लुगडं नेसून उभी. त्या फोटोनं नूतनचं नाव झालं. नागपूरच्या एका बियाणं कंपनीनं तो विकत घेऊन कॅलेंडरवर छापला, अख्ख्या मे महिन्याच्या डोक्यावर. आणि बियाण्याचं कॅलेंडर म्हटलं की ते गावोगावच्या ग्रामपंचायतीत टांगलं जाणारच.

तर एप्रिलमधल्या एका सोमवारी नूतन मोहगोंदीला पोचली. हातात नळीत गुंडाळलेला मोठा फोटो, अन्नपूर्णाबाईला द्यायला, आणि प्रदर्शनाचं आमंत्रण. मनात पक्कं होतं, की बाई हरखून जाईल.

"जयभीम, अन्नपूर्णाबाई!"

"जोहार. ये, बस," अन्नपूर्णाबाई म्हणाली. खाट अंगणात मोहाच्या सावलीला टाकली, पाणी दिलं, चहा दिला. फोटो पाहिला. चांगला आहे म्हणाली. पण तिनं तो पुन्हा गुंडाळला आणि नळीत घालून नूतनच्या बाजूला ठेवला.

"काऊन वो? आवडला नाई?"

"आवडला ना. पन या फोटोपाई माहं घरकुल गेलं."

नूतनला आधी कळलंच नाही. मग अन्नपूर्णाबाईनं सांगितलं, अगदी साध्या आवाजात, तक्रार नाही की रडणं नाही. घरकुलाच्या यादीत नाव आलं होतं. तालुक्याहून इंजिनियर पाहणीला आला, तरुण पोरगा, राजदीप नावाचा. त्यानं घर पाहिलं, मागची भिंत पाहिली, भिंतीला लावलेला टेकू पाहिला. लिहून घेत होता. मग ग्रामपंचायतीत सही करायला बसला, आणि समोर भिंतीवर कॅलेंडर. तेच घर, तीच बाई. घर कसं, नवरीसारखं. आणि टेकू कुठं आहे? टेकू नाहीच.

"मले म्हने, बाई, टेकू तुमी आता लावला. सर्वे आला की सगळे असंच करते म्हने. चांगल्या घराले टेकू लावते अन कच्चं दाखवते." अन्नपूर्णाबाईनं कपातला चहा बशीत ओतला. "मी म्हनलं, साहेब, तीन वर्सं झाले टेकू लावून. तो म्हने, मंग फोटोत काऊन नाई? आता मी काय सांगू? गुरुवारी ग्रामसभा हाये. त्यात नाव कापते. यंदाच्या पावसात हे भिंत राहत नाई, नूतन. अन नावासंग मले लबाड बी लिहून ठेवते."

नूतननं कप खाली ठेवला. कारण फोटोत टेकू का नाही हे जगात तीन माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातली एक ती स्वतः होती.

झालं होतं असं. घराची मागची भिंत एका पावसाळ्यात फाटली, बाहेर फुगली आणि पुढचा डावा कोपराही घेऊन कलली. चैतूनं धावड्याची मांडीएवढी जाड बल्ली आणून त्या कोपऱ्याला तिरपा टेकू दिला. तो टेकू पुढून पाहिलं की डाव्या हाताला आडवा यायचा, बरोबर मोराच्या शेपटीवर. त्या सकाळी नूतननं चार-पाच फोटो काढले, आणि प्रत्येकात ती बल्ली. ऊन सरकत होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "अन्नपूर्णाबाई, हे लाकूड दोन मिनिटं बाजूले करता येते का?" चैतू मोह वेचायला गेला होता. शेजारचा देवराव, ग्रामपंचायतीचा सदस्य, गडी अंगानं दांडगा, त्यानं बल्ली उपसली आणि खांद्यावर घेतली. फोटो झाला. बल्ली परत लागली. नूतन ते विसरून गेली. काडी हलवत नाही म्हणणाऱ्या बाईनं आख्खी बल्ली हलवली होती, आणि तिला आठवतही नव्हतं.

"चैतूभाऊले सांगितलं होतं तुमी? टेकू काढला होता म्हनून?"

"नाई बावा. तो तवाच मारते मले." अन्नपूर्णाबाई हसली. "मी साहेबाले बी सांगतलं नाई, देवरावाले बी बोलू देल्लं नाई. म्हनलं, तुह्या धंद्याची गोष्ट हाये. तुले इचारल्याशिवाय कसं सांगू?"

हे ऐकून नूतनला जे वाटलं ते कुणाला वाटू नये. ती बाई स्वतःचं घर घालवून हिच्या धंद्याची इभ्रत राखत बसली होती.

परतीच्या बसमध्ये ती आधी सगळ्यांवर चिडली. त्या इंजिनियरवर, चार बुकं शिकला आणि कॅलेंडरवरून घर तपासतो. कंपनीवर, त्यांना मेचं पान दुसरं मिळालं नाही. देवरावावर, कारण कॅलेंडर ग्रामपंचायतीत खिळा ठोकून त्यानंच टांगलं होतं, आपल्या शेजारणीचा फोटो म्हणून कौतुकानं, मेचं पान आधीच वर काढून. मूलचा स्टँड येईस्तोवर शिव्या द्यायला माणसं संपली. मग एकच उरली, आणि ती खिडकीपाशी बसली होती.

मंगळवारी तिनं हार्ड डिस्क उघडली. बापाची सवय कामी आली. मार्चच्या त्या सकाळच्या तेवीस फ्रेम्स होत्या. पहिल्या पाचांत टेकू जिथल्या तिथं. सहावी हललेली, तिच्यात देवराव बल्ली खांद्यावर घेऊन फ्रेमच्या कडेनं चाललेला, अर्धा आत, अर्धा बाहेर, तोंड उघडं. वेळ सात वाजून एक्केचाळीस मिनिटं. मग टेकूविना बारा. मग पुन्हा टेकू, सात त्रेचाळीस.

तिनं खुशबूला बोलावून दाखवलं. खुशबू हुशार पोरगी, तिला लगेच कळलं की प्रकरण कुठं जाणार.

"तू आजच्या घडीचा नवा फोटो काढ ना. टेकूचा, भिंतीचा. तो दे त्याले."

"त्याचं म्हणणंच हे आहे, की टेकू आता लावला. नवा फोटो काय कामाचा?"

"मग हे दाखवशील? भर ग्रामसभेत? मोबाइल घेऊनच बसतात लोक, नूतन. संध्याकाळपर्यंत चंद्रपूरभर होईल. शनिवारी आपलं उद्घाटन आहे. अन प्रदर्शनाचं नाव काय, तर 'जसं आहे तसं'. पोस्टरं छापून आली आहेत."

"मले माहीत हाये पोस्टरं छापून आली."

"लोक म्हणतील, बाकीच्या फोटोंत काय काय हलवलं असेल!"

खरं सांगायचं तर मंगळवारची पूर्ण दुपार नूतननं त्याच प्रश्नाशी घालवली. दहा वर्षांचं काम. एकदा लोकांच्या मनात आलं, की ही बाई लाकडं हलवते, तर सिरोंच्याच्या जोत्यावर कोण विश्वास ठेवणार? एक फोटो गप्प ठेवला तर बाकीचे हजार वाचतात. हिशोब तसा सरळ होता. पण त्या हिशोबात अन्नपूर्णा मडावी लबाड ठरत होती, आणि ते नूतनच्या गळ्याखाली काही केल्या उतरेना. बुधवारी तिनं सात फोटो मोठे छापून घेतले आणि गुरुवारी पहाटेची पहिली गाडी धरली.

ग्रामसभा अकराला, समाजमंदिरात. माणसं दीडशेक, बाया एकीकडं, गडी दुसरीकडं, दारात चपलांचा ढीग. टेबलाशी सरपंच, ग्रामसेवक आणि राजदीप साहेब. पोरगा वाईट नव्हता बरं का. घामानं शर्ट भिजलेला, डोळ्यांखाली काळं, तीनशे घरं बघून आलेला आणि त्यातल्या पन्नासांनी खरंच त्याला बनवलेलं. मडावींचं नाव आलं तसं त्यानं कागद वाचला. घर सुस्थितीत, टेकू पाहणीपुरता लावलेला, सबब अपात्र.

"मले बोलाचं हाये," नूतन उठली.

"तुम्ही गावच्या नाही," ग्रामसेवक म्हणाला.

"तो कॅलेंडरवरचा फोटो गावातला हाये ना? तो माहा हाये." तिनं भिंतीवर चिकटपट्टीनं एकेक फोटो लावला, खाली वेळ लिहिलेली. बोलायला लागली तर आवाज नेहमीचाच निघाला, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "हा फोटो तुमी सगळ्यांनी पाहिला. हा खोटा हाये. टेकू होता. फोटोत नको म्हनून मी काढाले लावला. दोन मिनिटांसाठी. हे पाहा सात चाळीस, टेकू हाये. हे पाहा सात त्रेचाळीस, परत हाये. एका वर्षाआधीचे फोटो हायेत साहेब, सर्वेचं तवा नाव बी नव्हतं. अन्नपूर्णाबाई लबाड नाई. लबाडी मी केली."

सभेत गलका झाला. मोबाइल वर झाले, खुशबू म्हणाली होती तसे. मग कुणाचं तरी लक्ष सहाव्या, हललेल्या फ्रेमकडं गेलं आणि एकच हशा उठला.

"अरे देवराव! देवराव हाये न बे हा!"

देवराव उठून जवळ गेला, स्वतःला नीट पाहिलं आणि खूश झाला. "मीच तो! एकट्यानं उचलला होता."

राजदीप साहेब उठून फोटोंपाशी आला. प्रत्येकावरची वेळ पाहिली. बराच वेळ टेकूच्या फोटोकडं आणि बिनटेकूच्या फोटोकडं आळीपाळीनं पाहत राहिला. "टेकू जुना आहे, मान्य," तो म्हणाला. "ते वाक्य मी काढतो. पण मॅडम, टेकू काढल्यावरही भिंत उभी आहे, हेसुद्धा तुमच्याच फोटोत दिसतं. मग घर सुस्थितीत नाही, असं मी कशावरून लिहू?"

"तेच ना साहेब!" देवराव अजून आपल्या फोटोच्या खुशीत होता. "मी बल्ली घेऊन उभा होतो, काईच नाई झालं. बाई दारात उभी होती!"

नूतननं लढाई जिंकायला जे आणलं होतं त्यानंच घात केला होता. तिनं बायांच्या बाजूला पाहिलं. तिथं अन्नपूर्णाबाई उठत होती, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"साहेब," ती म्हणाली, "माहं घर देखनं हाये. मी दर वर्षी पोतते, मोर काढते. देखनं हाये म्हनून ते पडत नाई का?"

साहेब फोटोंकडून तिच्याकडं वळला.

"घरी चला. चहा ठेवते. तुमी आत खाटेवर बसा, अन देवराव टेकू काढते. पाच मिनिटं. मंग तुमाले जे लिहाचं ते लिहा."

आता मात्र असा हशा पिकला, की समाजमंदिराचे पत्रे वाजले. साहेबही हसला, पण त्याला उठावंच लागलं. आख्खी ग्रामसभा चपला शोधत बाहेर पडली आणि मडावींच्या अंगणात येऊन उभी राहिली. चैतूही आला. त्याला टेकूची गोष्ट आत्ता सभेत कळली होती, आणि तो बायकोशी बोलत नव्हता.

राजदीप साहेब मागच्या बाजूला गेला. या वेळी त्यानं भिंत नीट पाहिली. पांढऱ्या मातीचा नवा लेप होता, त्यानं बोटानं जरा खरवडलं, तर लेपाखाली फट. मनगटापर्यंत हात गेला आत. वरच्या बाजूला फटीतून आतल्या चुलीचा जाळ दिसत होता. अन्नपूर्णाबाई दर वर्षी ती फट बुजवून पुढं मोर काढत होती, आणि भिंत दर वर्षी आणखी थोडी बाहेर येत होती. तो फिरून पुढं आला, दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याबाहेर थांबला.

"या न साहेब, आत," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

"चहा... बाहेरच घेऊ."

लोक पुन्हा हसले. पण देवराव असा, की त्याची जीभ त्याच्या ताब्यात कधी नव्हती. "काई होत नाई साहेब! तवा काढला तर काईच नाई झालं. घाबरून नका राहू!"

तेव्हा नूतन पुढं झाली. पायातले बूट काढले, उंबऱ्यावर चढली आणि दारात उभी राहिली, फोटोत अन्नपूर्णाबाई होती तिथंच. "काढा देवरावभाऊ," ती म्हणाली. "तवा माह्यासाठी काढला होता ना? आज बी माह्यासाठीच काढा."

देवरावानं बल्लीला मिठी मारली. पाय रोवले. जरासा जोर केला असेल, फार नाही. वर कवेलू खळ्ळ करून सरकले आणि नूतनच्या डोक्यावर, खांद्यावर मूठभर माती भुरभुरत आली. आत कुठंतरी लाकूड करकरलं. नूतननं डोळे मिटले पण हलली नाही. तिच्या कानांत ती करकर अशी शिरली, की तिला वाटलं, आपण कधीपासून इथं उभ्या आहोत.

"नाई!" देवराव बल्ली सोडून मागं सरला. एवढा दांडगा गडी, तोंड पांढरं पडलं होतं. "मी नाई काढत. माह्यानं नाई होत."

"राहू द्या, राहू द्या!" साहेब ओरडला. "मॅडम, बाहेर या आधी!"

तोवर अन्नपूर्णाबाईनं नूतनच्या दंडाला धरून तिला अंगणात ओढलं होतं. "येडी झाली का तू? तुह्या घरी लेकरू हाये ना!" असं म्हणून तिनं तिच्या डोक्यावरची माती पदरानं झटकली, तीही जरा जोरातच.

राजदीप साहेबानं खिशातून मोबाइल काढला. मागं जाऊन फटीचा फोटो घेतला, टेकूचा घेतला, मग पुढून एक घेतला ज्यात मोर आणि बल्ली दोन्ही आले. आणि तिथंच अंगणात, ग्रामसेवकाच्या पाठीवर कागद ठेवून त्यानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. मातीचं कच्चं घर, मागची भिंत फाटलेली, राहण्यास धोकादायक, पात्र. पहिल्या टप्प्यातच घ्यावं असा शेरा त्यानं स्वतः होऊन मारला. बायांनी टाळ्या वाजवल्या. चैतू पहिल्यांदा बायकोकडं पाहून बोलला, "साखर हाये का घरात? का मी आनू?" आणि सगळं गोत चहाला थांबलं.

नूतननं कुंपणापाशी जाऊन खुशबूला फोन लावला. पोस्टर बदलायचं, सहावी फ्रेम घ्यायची, देवराववाली. खुशबू पलीकडून किंचाळली, हललेला फोटो आहे तो! "असू दे हललेला," नूतन म्हणाली. "अन खाली लिही, टेकू मी काढाले लावला होता. नाव तेच राहू दे प्रदर्शनाचं." ती परत आली तेव्हा तिची चाल पुन्हा पहिल्यासारखी झाली होती. काम आपलं आहे, ते चुकलं तर चुकलं म्हणून सांगायचं आणि पुढची गाडी धरायची, एवढं तिचं ठरलं होतं.

लोक पांगले. साहेबाची जीप गेली. अन्नपूर्णाबाई मोहाच्या झाडाखाली कप विसळत बसली होती, नूतन तिच्या बाजूला जाऊन बसली. केसांत अजून माती होती. तिच्या कानांतून ती करकर जात नव्हती.

"अन्नपूर्णाबाई, त्या दिवशी तुमाले बी ऐकू आलं असन ना? वरचं?"

"आलं ना. मातीबी पडे आंगावर."

"भेव नाई वाटलं?"

"वाटलं तर. जीव काय मले एकलीले जास्तीचा हाये?"

"मंग बोलल्या काऊन नाई तुमी? एक शब्द बोलल्या असत्या तर मी..."

अन्नपूर्णाबाईनं कप पालथा घातला आणि तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही. विचारलं म्हणून सांगते, एवढंच.

"बोलली ना मी. दोनदा बोलली. तू म्हनली, हलू नका."